एकशे आठ मडकी

कपडे वाळत घालायचा चिमटा मुठीत मावतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नगरभवनासमोर तो 45 फूट उंच उभा आहे, गंजरंगी पोलादाचा, मधल्या स्प्रिंगसकट. क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकारानं तो 1976 मध्ये उभा केला. पुढे मिनियापोलिसच्या एका बागेत त्यानं आणि त्याची पत्नी कोश्या व्हान ब्रुगेन हिनं तळ्यावर अवाढव्य चमचा आडवा टाकला आणि टोकाशी लालबुंद चेरी ठेवली. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोर 12 मीटर उंचीची लाकडी खुर्ची आहे. तिचा एक पाय तुटलेला आहे. भूसुरुंगांनी ज्यांचे पाय नेले त्यांच्या बाजूनं ती बोलते. 1997 मध्ये ती काही महिन्यांपुरती म्हणून बसवली होती, आता ते शहर तिच्याशिवाय ओळखू येत नाही. आपल्याकडे मुंबईत चर्चगेटला उतरून क्रॉस मैदानात शिरलात, तर वास्तुरचनाकार नुरू करीम यांचा 30 फुटी पोलादी चरखा दिसतो. सेवाग्रामलाही एक मोठा चरखा आहे.

युक्ती सगळीकडे एकच. जी वस्तू आपण बघता बघता बघेनासे होतो, ती इतकी मोठी करायची की तिच्याकडे पाहायला मान वर करावी लागेल. बहुतेक ठिकाणी ही युक्ती चालते. लोक थबकतात, फोटो काढतात, वर्षभरानं तिच्याखाली भेळवाला उभा राहतो आणि वस्तू पुन्हा दिसेनाशी होते. भेळवाला उभा राहिला याचा अर्थ शहरानं ती वस्तू आपली मानली, असंही म्हणता येईल.

महाडला असा चमचा किंवा चिमटा नाही. चौकात महाराज आहेत, चवदार तळ्यावर बाबासाहेब आहेत, मनुस्मृती जाळली त्या जागी क्रांतिस्तंभ आहे, शिवाय मोठ्या सभागृहाचं राष्ट्रीय स्मारक आहे. पुतळा, स्तंभ, सभागृह हे स्मारकांचं आपल्याकडचं ठरलेलं त्रिकूट. 20 मार्च 2027 रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. शताब्दी म्हटली की आराखडे निघतात, आणि आराखड्यात काहीतरी उंच असावं लागतं. म्हणून हा विषय काढला. महाडचा हा इतिहास तलवारीचा किंवा तख्ताचा नाही, तो पाणी भरण्याचा आहे. त्या इतिहासातली रोजची वस्तू शोधायची तर कोणती?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं ते मडकं. आणि ते अडचणीचं आहे.

ठराव आणि तळं

तळं कसं आहे ते आधी सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग सोडून गावात आलं की बाजारपेठेच्या गर्दीतून पुढे एकदम मोकळी जागा लागते. मध्ये पाणी, चहूबाजूंनी रस्ता, रस्त्यापलीकडे घरं. या तळ्यावरून पुढे कोर्टात चाललेल्या दाव्याच्या कागदपत्रांत त्याचा विस्तार चार ते पाच एकर नोंदलेला आहे, आणि भोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे सवर्णांची घरं, काही मुसलमानांची घरं असंच वर्णन आहे. मांडणी आजही तीच आहे, मजले तेवढे वाढले. घराच्या ओटीवर बसून तळ्यावर कोण आलं, कोण गेलं हे दिसतं. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. तळं गावाच्या नजरेत होतं, आणि पहारेकऱ्याची गरज पडत नव्हती.

कायद्यानं पाहिलं तर दार उघडलेलंच होतं. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेनं जानेवारी 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं गेली आणि तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस पाणी भरायला आला नाही. ठराव दप्तरात होता आणि ओटीवरची नजर जागच्या जागी होती.

या भागातली जागृती मात्र काल-परवाची नव्हती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि 1888 मध्ये त्यांनी अस्पृश्यतेवर प्रश्नांची सरबत्ती करणारी पुस्तिका काढली. पुढे ते महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले, तेव्हा बोर्डातल्या बड्या मंडळींना शेजारी बसणं जड गेलं. कोकणातल्या महार पेन्शनरांच्या घरात अक्षर होतं, शिस्त होती, बाहेरचं जग पाहिलेले डोळे होते. 1927 ची परिषद या जमिनीत उगवली. ती महाडला भरवायची हे मुख्यतः दासगावकडच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या डोक्यातलं. हेच पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे. सोबत अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि नगरपालिकेतले सुरबानाना टिपणीस. नावं मुद्दाम लिहितो, कारण भाषणांत ती हल्ली घाईनं उरकली जातात.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद 19 आणि 20 मार्च 1927 ला भरली. (कुलाब्याचं रायगड झालं ते 1981 मध्ये.) माणसं डोंगरातून, खाडीकाठावरून चालत आली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या खांद्यावर भाकरीचं गाठोडं. आणि हजारो लोक जमले त्या मंडपासाठी पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात हा आकडा आहे. नगरपालिकेनं खुलं केलेलं चार-पाच एकर तळं जवळ, आणि परिषदेच्या जमाखर्चात पाण्यासाठी चाळीस रुपये. महाडचं सगळं प्रकरण एका ओळीत सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. तेव्हाचे चाळीस रुपये म्हणजे साध्या कुटुंबाच्या महिन्याच्या पोटापाण्याहून जास्तच.

भांडं नसलेली कृती

दुसऱ्या दिवशी परिषद उठताना चित्र्यांनी सूचना मांडली की आत्ताच सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावं. मिरवणूक बाजारातून शांतपणे तळ्यावर आली. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. पाठोपाठ बाकीचे.

इथे जरा थांबायला हवं. या प्रसंगात भांडंच नव्हतं. घागर, तांब्या, पोहरा यांतलं काहीही नाही. अस्पृश्य माणसानं पाणी कसं प्यायचं याची त्या काळी पक्की रीत होती. कुणीतरी वरून धार सोडायची आणि खाली वाकून ओंजळ धरायची. धार सोडणाऱ्याची मर्जी असेल तेवढीच तहान भागायची. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतला नळ सांगितला आहे. इतर मुलं तहान लागली की नळ सोडून पाणी पीत. यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई जागेवर नसेल तर पाणी नाही. ओंजळ त्यांच्याकडे जन्मापासून होती, तिच्यावर दुसऱ्याचा हात होता. 20 मार्चला तो मधला हात गेला. वाकायचं होतं ते पाण्यासमोर, माणसासमोर नाही.

त्यानंतरचं सर्वांना माहीत आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. मंडपात जेवायला बसलेल्यांवर, परतीच्या वाटेवर असलेल्यांवर लाठ्या चालल्या. जखमींतल्या कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. लष्करात दिवस काढलेली माणसं समोर होती, एका शब्दावर उलटली असती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही.

आणि मग आली मडकी.

तळं बाटलं होतं, ते शुद्ध करायचं ठरलं. एकशे आठ मडकी पाणी तळ्यातून उपसून काढलं गेलं. दही, दूध, शेण, गोमूत्र घातलेली मडकी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवली गेली. पाणी शुद्ध झाल्याचं जाहीर झालं.

हिशोब करून बघू. एका मडक्यात दहा लिटर पाणी धरलं तर एकशे आठ मडक्यांत अकराशे लिटरही भरत नाही. तळं चारच एकर आणि खोली जेमतेम एक मीटर धरली, तरी पाणी होतं एक कोटी साठ लाख लिटरांच्या आसपास. म्हणजे पंधरा हजारांतला एक भाग उपसला आणि उरलेले चौदा हजार नऊशे नव्याण्णव भाग आपोआप पवित्र झाले. या गणिताला हसू येतं, पण करणाऱ्यांना ते हास्यास्पद वाटत नव्हतं. मडकं तिथे मापाला नव्हतंच, निशाणीला होतं. गावानं हे पाणी पुन्हा आपल्या ताब्यात घेतलं, हे दाखवायची ती खूण होती. मुसलमान त्या तळ्याचं पाणी वापरत होते, गुरं पीत होती. त्यांच्यासाठी मडकी कधी लागली नाहीत.

तेव्हा महाडला स्मारक म्हणून उद्या कुणी 30 फुटी मडकं उभं करायचं म्हणालं, तर पहिला प्रश्न असा की कुणाचं? पाणी भरणाऱ्या बाईचं की पाणी शुद्ध करणाऱ्याचं? पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात थुंकण्यासाठी मडकं बांधलं जाई असं सांगतात, ती आठवणही त्याच आकाराला चिकटलेली आहे. चिमटा मोठा केला तर तो फक्त मोठा चिमटा होतो. आपल्याकडचं मडकं इतकं निर्दोष नाही.

दीड फुटाचा खड्डा

4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेनं 1924 चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. तारीख मुद्दाम निवडली की योगायोग, कोण जाणे. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी दिवाणी दावा लावून 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. मुंबईची मंडळी पद्मावती बोटीनं निघून हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरली आणि तिथून पायी महाडला आली.

25 डिसेंबरच्या रात्री सहस्रबुद्ध्यांच्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. त्यासाठी केलेली वेदी म्हणजे सहा इंच खोल, दीड फूट लांब-रुंद खड्डा, त्यात चंदनाची लाकडं. पाट ठेवला तर झाकला जाईल एवढाच. आज त्या जागी स्तंभ आहे आणि तो लांबून दिसावा हे रास्तच आहे. तरी स्तंभाकडे मान वर करून बघताना खालचा दीड फूट आठवत नाही, ही उंचीची किंमत.

सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावं दिली होती. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असं 27 तारखेला ठरलं. मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पाण्याला न शिवता. मला हा प्रसंग मार्चच्या प्रसंगाइतकाच मोठा वाटतो, पण त्याचं चित्र कॅलेंडरवर येत नाही. न प्यायलेल्या पाण्याचं चित्र काढणार कसं?

त्याच दिवसांत बाबासाहेब बायकांशी बोलले. विषय लुगडं आणि दागिने. जातीची खूण सांगणारी लुगड्याची धाटणी सोडा, गळ्या-हातातले जड कथलाचे, चांदीचे दागिने सोडा, असं त्यांचं सांगणं होतं. अधिकाराच्या लढाईत लुगडं किती आखूड नेसायचं हा विषय आला, कारण गावची नजर तिथेच वाचत होती. दुसऱ्या दिवसापासून बायका लुगडं वेगळं नेसू लागल्या. रोजची वस्तू जरा खाली ओढली आणि तिचा अर्थ पालटला. मोठी करावी लागली नाही.

दावा दहा वर्षं चालला. महाडच्या कोर्टानं 1931 मध्ये वादींच्या विरुद्ध निकाल दिला, ठाण्याच्या अपिलात 1933 ला तोच कायम राहिला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं अपील फेटाळलं. तळं खासगी नाही. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी रूढी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादेत गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच. एका माणसाच्या दप्तरात किती हिंदुस्थान येऊन गेला!

पोलादपूरचा हंडा

मडकं नको, तर पाण्याची दुसरी रोजची वस्तू शोधायला जरा पुढे जाऊ. महाडहून दक्षिणेला तासाभराच्या आत पोलादपूर. इथून आंबेनळी घाट महाबळेश्वराकडे चढतो, कशेडी रत्नागिरीकडे. गावात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. म्हणजे या तालुक्याच्या स्मारकांत काव्य आहे, तलवार आहे, पण भांडं नाही. भांडं रस्त्यावर आहे.

पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 2021 च्या जुलैत तर डोंगर खाली आले. महाड तालुक्यात तळिये गाडलं गेलं, पोलादपूर तालुक्यातही माणसं गेली, महाड शहर पाण्याखाली होतं. आणि होळी झाली की याच डोंगरातल्या वाड्यांवर टँकरची वाट बघतात. याचं कारण अवघड नाही. उतार उभा, खालचा काळा कातळ पाणी धरत नाही, पडलेला पाऊस काही तासांत सावित्रीला आणि सावित्री खाडीला मिळते. अडवायला धरणं थोडी, वाड्या उंचावर. टँकर डांबर संपेपर्यंत येतो. तिथे रस्त्याकडेला निळे पिंप मांडलेले असतात, रंगानं नावं घातलेले. पुढची वाट पायाची.

हंडा डोक्यावर कसा चढतो ते बारकाईनं बघावं. बाई आधी पदराची नाहीतर जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ वळते, बोटांनी दाबून मध्यभागी खळगा करते. मग भरलेला हंडा दोन्ही हातांनी गुडघ्यावर घेते. गुडघ्यावरून मांडीवर, तिथे एक श्वास. तिथून झटक्यात खांद्याच्या उंचीला, आणि मान एक बोटभर पुढे काढून तो चुंबळीवर बसवते. सोबत कुणी असेल तर “वहिनी, जरा हात लावा गं” एवढंच. मग कळशी कमरेला. पंधरा-वीस लिटरचा हंडा, सात-आठ लिटरची कळशी, म्हणजे पंचवीस किलो वजन घेऊन ती चढाची वाट चढते, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून पाऊल टाकते ते सपाट, टाच न आपटता. तांब्याचा हंडा आता घरात फडताळावर असतो. वाटेवर स्टील आणि प्लास्टिक. प्लास्टिकचं वजन कमी, म्हणून पाणी जास्त घेता येतं. त्यानं खेप वाचली, ओझं तेवढंच राहिलं.

सुबोध गुप्ता हे बिहारमधून आलेले कलावंत स्टीलची भांडी रचून शिल्पं करतात. 2008 मध्ये त्यांनी हजारो भांड्यांचा अणुस्फोटाचा ढग उभा केला. तो ढग पाहताना भांड्यांची चकाकी आधी दिसते आणि दहशत नंतर. पोलादपूरच्या हंड्याचं असं काही करता येईल? करता येईल, आणि बरंही दिसेल. घाटाच्या पायथ्याशी 40 फुटी हंडा, पर्यटक त्याच्यासमोर सेल्फी घेतील, आणि मार्चमध्ये त्याच्या सावलीतून रिकामे हंडे घेऊन बायका जातील. असलं काही होऊ नये एवढीच इच्छा आहे.

शताब्दीचं काय

20 मार्चला महाडला एकदा जाऊन यावंच. लाखांनी माणसं येतात. एसट्या, टेम्पो, ट्रक. पांढरी लुगडी, निळे झेंडे. पुस्तकांचे स्टॉल असे की वर्षभराची खरेदी लोक इथे करतात. मराठी पुस्तक खपत नाही म्हणणाऱ्या प्रकाशकांनी त्या दिवशी रस्त्यावर एक चटई टाकून बसावं. गाण्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माणसं रांगेनं पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात. म्हातारी माणसं ते डोळ्यांना लावतात, काही जण तोंडात घेतात, कुणी लहान बाटलीत भरून नेतो.

पण तहान लागली की पाणी दुकानातून येतं, किंवा वाटप चालू असलेल्या टाकीवरून. तळ्याचं पाणी पिण्याजोगं व्हावं अशी मागणी वर्षानुवर्षं होते आहे. शहराला नळ आल्यापासून घागर घेऊन कुणी तळ्यावर येत नाही, सवर्ण नाही आणि दलितही नाही. ज्या तळ्याचा वापर मिळवायला दहा वर्षं कोर्ट झालं, त्याचा वापरच उरला नाही. ते पूर्णपणे स्मारक झालं. कठडा, पायऱ्या, दिवे, पुतळा. गावानं काही वाईट केलं असं म्हणत नाही. वापरातली वस्तू आणि पूजेतली वस्तू यांत गाव नेहमीच दुसरी निवडतं, तिच्यासाठी निधीही लवकर मिळतो.

डिसेंबर 1927 च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की हे पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नाही, इतके दिवस न पिता काही मेलेलो नाही, आपण जातो आहोत ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवण्यासाठी. तेव्हा तळ्याच्या पाण्यात त्यांनी पावित्र्य भरलं नव्हतं, उलट काढून घेतलं होतं. साधं, कुणीही प्यावं असं पाणी, हाच तर दावा होता.

म्हणून शताब्दीच्या आराखड्यात माझी भर एवढीच आहे. नवा उंच खांब नको, मडकं तर नकोच. गाळण, शुद्धीकरणाची यंत्रणा, तपासणीचा अहवाल दर महिन्याला लावायला एक फळा, आणि चारही बाजूंना नळ, शिपायाशिवाय सुटणारे. शक्य झालं तर त्याच खर्चात पोलादपूरच्या डोंगरवाड्यांसाठी साठवण टाक्या. हे कुणाला स्मारक वाटणार नाही याची कल्पना आहे. उद्घाटनाला फीत कापायला जागा तर हवीच. ती फीत नळांपैकी एकाला बांधता येईल.